वाढलेले आणि झिजलेले

मुलांनो, आपल्या एका वाचक मैत्रिणीनं निबंधात लिहिलं, 'माझे आजोबा आता जीर्ण झाले आहेत.' बाईंनी 'जीर्ण'खाली लाल रेघ मारली. ती विचारते, समानार्थी शब्दांच्या यादीत 'वृद्ध' आणि 'जीर्ण' शेजारी-शेजारी आहेत, मग माझं चुकलं काय?

शेजारी असले तरी दोघांची घराणी वेगळी. 'वृद्ध' आला 'वृध्' या धातूतून. वृध् म्हणजे वाढणे. 'धनवृद्धी'तली वृद्धी तीच. इतकंच काय, तुमच्या वाढदिवसातली 'वाढ'सुद्धा याच घराण्यातली! म्हणजे वृद्ध माणूस हा वाढलेला माणूस. तुम्ही ज्या वाटेवर आहात, त्याच वाटेवर आजोबा तुमच्यापेक्षा 50-60 वाढदिवस पुढे आहेत.

'जीर्ण'चा धातू 'जॄ'. त्याचा अर्थ झिजणे, विरणे. धोतर जीर्ण होतं, पोथीचं पान जीर्ण होतं. देवळाच्या भिंती ढासळू लागल्या की 'जीर्णोद्धार' करतात. आणि गंमत पाहा, खाल्लेलं अन्न पोटात विरून पचलं की तेही जीर्ण झालं. नाही पचलं तर 'अजीर्ण'! लग्नात जिलब्यांवर आडवा हात मारला की होतं ते. भेंडी 'जून' निघाली म्हणून आई कुरकुरते ना? तो 'जून'ही याच कुळातला.

आता संस्कृतचे जाणकार म्हणतील, जुन्या ग्रंथांत माणसालाही जीर्ण म्हटलंय. म्हटलंय खरं. शरीर झिजतंच, आजोबांच्या गुडघ्यांना विचारा. पण गुडघे झिजले म्हणणं वेगळं आणि आजोबाच झिजले म्हणणं वेगळं. झिजलेल्या वस्तूला आपण माळ्यावर टाकतो. माणसाबद्दल तसं बोलायची सवय लागली, की घरात काही ठरवताना त्याला विचारायचंच राहून जातं. बाईंची लाल रेघ मला तरी अगदी योग्य वाटते.

आणि 'म्हातारा'? हा शब्द 'महत्तर'वरून आलाय. महत्तर म्हणजे अधिक मोठा. मूळ एवढं भारदस्त. पण म्हणून शेजारच्या आजोबांना 'काय म्हातारबुवा' अशी हाक मारून बघू नका हं! वापरून वापरून त्यातला मान कधीच विरलाय.

तुमच्या आजी-आजोबांना स्वतःसाठी कोणता शब्द चालतो, ते त्यांनाच विचारा आणि पत्रानं कळवा. उत्तर 'एकही नाही' असलं तरी चालेल.