ड्रमची जात वाचायची कुणी?

या देशात माणसावर लेबल लावायला कधी अडचण आली नाही. आडनाव विचारलं की भागतं. गाव, गल्ली, बापाचा धंदा, सगळं असं चिकटवलेलं की पाण्यानं निघत नाही. पण विषाच्या ड्रमवर लेबल लावायचं म्हटलं की याच व्यवस्थेचा हात आखडतो.

त्यासाठी आधी भोपाळ व्हावं लागलं. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट झोपडपट्ट्यांवर उतरलं, तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरांनाही कळेना की माणसं कशानं मरतायत. मग १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्याखाली १९८९ ला घातक रसायनांची निर्मिती, साठवण आणि आयात यांचे नियम. त्यातला सतरावा नियम सांगतो: भांड्यात काय आहे, ते कुणी बनवलं किंवा मागवलं, ते किती विषारी, हे भांड्यावर स्पष्ट लिहा. झकास. कुठल्या भाषेत? त्यावर नियम गप्प. वर पळवाट: भांडं लहान असेल, पॅकिंग अडचणीचं असेल, तर सोबतच्या कागदांवर भागवा. दोस्तांनो, कागद हापिसात जातो. ड्रम आमच्या पाठीवर येतो.

कंटेनरवर चारी अंगांनी कोनावर उभे चौकोन असतात. कवटी म्हणजे विष, ज्वाळा म्हणजे पेटणारं, हातावर सांडणारे थेंब म्हणजे ॲसिड. एवढं आमची अख्खी टोळी वाचते, चित्राला मॅट्रिक लागत नाही. पण कंटेनर उघडला, माल शेडमध्ये लागला, दोन पावसाळे गेले की ड्रमवरचं लेबल पांढरंफटक. मी मॅट्रिक पास, कविता लिहितो, तरी त्यावरची बारीक इंग्रजी मला सुटत नाही. शेजारचा अंगठेबहाद्दर काय करतो? वास घेतो. वास घेऊन ठरवतो, च्यायला! आणि मुकादम म्हणतो, उचल रे, काय होत नाय.

होतं. १४ जुलै २०१० ला शिवडीच्या हाजी बंदरात, वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या क्लोरीनच्या सिलिंडरमधून वायू सुटला. शंभरावर माणसांना बाधा झाली. त्याआधी १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोट सुमारे १४०० टन दारूगोळा आणि वर कापूस घेऊन उभी, आणि धोक्याचा लाल बावटा लावलेला नाही. आग विझवता विझवता ६६ बंबवाले गेले. गोदीतले हमाल किती गेले, तो आकडा जो तो वेगळा सांगतो. त्या दिवशी बाबासाहेबांचा वाढदिवस होता, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं त्यांच्याकडेच होतं.

कुणी पांढरपेशा म्हणेल, लोक अडाणी, लेबल लावून उपयोग काय? मग १९७१ चे कीटकनाशक नियम बघा. विषारीपणाप्रमाणे लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण. माहिती इंग्रजी, हिंदी आणि त्या मुलखाच्या भाषेत. म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं. उलट १९८९ च्याच मोटार वाहन नियमांत घातक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता आली पाहिजेत. ड्रायव्हरनं इंग्रजी शिकायची, ड्रमनं मराठी शिकायची नाही! युनोनं २००३ मध्ये सगळ्या जगासाठी एकसारख्या चित्रांची पद्धत काढली. ती चांगली आहे, पण चित्राखालची ओळ मराठीत आणि हाताएवढ्या अक्षरात लागेल. परोपकार नको. पाठ आमची आहे, म्हणून हक्क आमचा.

गटाराला तर लेबलच नसतं. तिथं आत उतरणाऱ्याची जातच कंत्राटदाराला पुरते.

आपल्या टोळ्यांनी एवढं ठरवावं: ज्या ड्रमवर नाव नाही, चित्र नाही, तो हलवायचा नाही. एकट्यादुकट्यानं नाही म्हटलं तर हजेरी कापतील. अख्ख्या टोळीनं म्हटलं तर मुकादमाला हापिसातून कागद आणावा लागेल आणि मोठ्यानं वाचावा लागेल. आणखी एक. २०१६ च्या नियमांनी रसायन लागलेलं रिकामं पिंपसुद्धा घातक कचऱ्यात धरलंय. तुमच्या मोरीत पाण्याला जो निळा ड्रम जुन्या बाजारातून आणलाय, त्याच्यावरचं लेबल खरवडलेलं असेल तर तो आजच बाहेर काढा, आईला विचारत बसू नका.