मातीचा नकाशा कोणासाठीं?

मुंबई शहराला लागणारा कांदा, बटाटा, फळें व धान्य यांचा मोठा भाग आज नवी मुंबईंतील एपीएमसी मार्केटमध्यें प्रथम उतरतो. तेथें मालाचें वजन होतें, प्रत पाहिली जाते, भाव ठरतो आणि गोण पुढच्या मार्गाला लागते. ज्या मातींतून तो माल वर आला तिची मात्र विचारपूस होत नाहीं. वस्तुतः लासलगांवचा कांदा, देवगडचा हापूस, नागपूरचें संत्रें हीं नांवें जितकीं गांवांचीं, तितकींच तीं मातीचींहि आहेत.

आपल्या महाराष्ट्राची माती एकजात नाहीं. घाटाच्या पूर्वेस ज्वालामुखीच्या खडकापासून काळी माती झाली. ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. रत्नागिरीकडे तशाच खडकावर शेंकडों शतकें अतिवृष्टि झाली. चुना व क्षार धुऊन गेले, लोहाचा अंश मागें राहिला आणि तांबडा जांभा तयार झाला. खडक एक, पण पाऊस निराळा, म्हणून माती निराळी! खडक, हवामान, जीवसृष्टि, चढउतार व काळ यांच्या संयोगानें माती घडते, हें तत्त्व डोकुचायेव्ह या रशियन शास्त्रज्ञानें १८८३ च्या आपल्या ग्रंथांत मांडलें. आजचे सर्व मृदा-नकाशे त्याच पायावर उभे आहेत.

जमिनीची प्रतवारी आपल्याकडे नवी नव्हे. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनीं जमिनीची पाहणी आरंभिली. पुढें १८४७ च्या अहवालांत स्थिर झालेल्या पद्धतीप्रमाणें मातीचा रंग, पोत व खोली पाहून नऊ प्रती करीत. पहिलीचें मोल सोळा आणे, शेवटचीचें दोन आणे. चुनखडी, वाळू, उतार असे दोष आढळल्यास प्रत खालीं उतरे. काम कष्टाचें व बारकाईचें होतें यांत शंका नाहीं. परंतु त्याचा हेतु एकच, सारा किती बसवावा हें ठरविणें. माती मोजली ती घेण्यासाठीं. मातीला काय द्यावें हा प्रश्न तेथें नव्हता.

तो प्रश्न आजच्या नकाशानें विचारला पाहिजे. १९७६ सालीं स्थापन झालेल्या नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेनें राज्यांचे मृदा-नकाशे १ : २,५०,००० या प्रमाणावर सिद्ध केले. याचा अर्थ नकाशावरील एक चौरस सेंटिमीटर म्हणजे ६२५ हेक्टर जमीन. एखादें लहान गांव नखाखालीं झांकून जावें! देशाच्या योजनेला असा नकाशा उपयोगी, पण एका बांधाला तो अपुरा. म्हणून आतां १ : १०,००० या प्रमाणावरहि काम चालतें. तेथें तोच चौरस सेंटिमीटर एक हेक्टर दाखवितो.

हें संगणकाच्या साहाय्यानें शक्य झालें. प्रत्येक नमुन्याचे अक्षांश-रेखांश त्याच्या गुणधर्मांसह नोंदितात. मग उतार, पाऊस, खडक, पीक यांचे थर पारदर्शक कागदांप्रमाणें एकावर एक ठेवितां येतात आणि जेथें कुदळ लागली नाहीं तेथील मातीचाहि अदमास बांधतां येतो. पण अदमास तो अदमासच. १९ फेब्रुवारी २०१५ रोजीं राजस्थानांतील सुरतगड येथें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तिच्या मूळ नियमांप्रमाणें बागायतींत अडीच हेक्टरांस व जिरायतींत दहा हेक्टरांस एक नमुना घेऊन बारा गुणधर्म तपासावयाचे. आपल्या देशावर माळावर मुरमाड, उतारावर मध्यम व ओढ्याकांठीं खोल काळी अशा तीन जमिनी कांहीं शें पावलांत भेटतात. दहा हेक्टरांच्या एका चौकटींत तिन्ही आल्या, तर पत्रिकेवरील आंकडा कोणाच्या शेताचा समजावा?

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला आपली जमीन कळते, त्याला नकाशा कशाला? त्याला ती कळते हें खरें आहे. काळी, बरड, चोपण, खारवट, पोयटा हे शब्द त्यानेंच घडविले. परंतु जस्त वा बोरॉन यांची उणीव नुसत्या डोळ्यास निश्चित कळत नाहीं. चुनखडीच्या जमिनींत लोह असूनहि मुळांस मिळत नाहीं व पानें पिवळीं पडतात. शेतकरी बिचारा नत्राचें खत ओतीत राहतो. सांगली-कोल्हापूरकडे निचरा नसलेल्या भारी जमिनींत उसाला अमर्याद पाणी दिल्यानें क्षार वर आले व चांगलीं शेतें नापीक झालीं. हा धोका नकाशावर आधीं दिसूं शकतो. उलट, तळ्याचा गाळ कोणत्या शेतांत टाकला हें संगणकास कोण सांगणार? तें शेतकऱ्यासच ठाऊक. यास्तव दोघांनीं एकमेकांस शिकवावें, हेंच श्रेयस्कर.

माझ्या मतें तीन गोष्टी व्हाव्यात. नकाशावर शास्त्रीय संज्ञेशेजारीं गांवचा शब्द असावा. जेथें नमुने विरळ आहेत तो भाग वेगळ्या छटेनें स्पष्ट दाखवावा, म्हणजे अदमासाला कोणी प्रमाण मानणार नाहीं. आणि एपीएमसी मार्केटमध्यें, जेथें जिल्ह्याजिल्ह्यांतून माल येतो, तेथें भावाच्या फलकाशेजारीं महाराष्ट्राच्या मातीचा मोठा नकाशा टांगावा. आपला माल कोणत्या मातीचा व ती माती आज कशी आहे, हें विकणाऱ्यास व घेणाऱ्यास एकत्र पाहूं द्यावें.

विद्यार्थी मित्रांनो, सुटींत गांवीं जाल तेव्हां एवढें करा. शेतांत नागमोडी चालत आठदहा ठिकाणीं वीतभर खोल खड्डा घेऊन माती काढा. ती मिसळून सावलींत वाळवा आणि अर्धा किलो तपासणीस पाठवा. माळाची माती व ओढ्याची माती एकत्र करूं नका. पालकांनींहि या कामीं मुलांस साह्य करावें. पेरावें तसें उगवतें ही म्हण खरी आहे. पण कशांत पेरलें हें जाणल्यावांचून ती अर्धीच खरी ठरते.