सौर पॅनेलचे भंगार : आपण कधी जागे होणार?

दादरच्या हिंदमाता बाजारात कापडाचा धंदा करताना एक गोष्ट लवकर कळते. ठाण कापले की चिंधी उरतेच, पण ती कोणी फेकत नाही. सुती वेगळी, टेरिकॉट वेगळी, पांढरी वेगळी केली की प्रत्येकीला गिऱ्हाईक मिळते. सगळी एका गोणीत कोंबली तर मातीमोल. नफा निवडण्यात आहे. हाच धडा आता एका नव्या मालाला लावायची वेळ आली आहे. तो माल म्हणजे मोडीत निघालेली सौर पॅनेल.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 सालचा आहे. 2024 मध्ये केंद्र सरकारने 1 कोटी घरांच्या छपरांसाठी सौर योजना सुरू केली. पॅनेलचे आयुष्य साधारण 25 वर्षे धरतात. पण वाहतुकीत, बसवताना किंवा वादळात फुटलेला माल आजच भंगारात येतो. केंद्रीय अक्षय ऊर्जा मंत्रालयाने 2024 मध्ये एका संशोधन संस्थेसह काढलेल्या अंदाजाप्रमाणे 2022-23 पर्यंत देशात असा सुमारे 1 लाख टन कचरा झाला होता. 2030 पर्यंत तो 6 लाख टनांवर जाईल.

या मालाचे आज काय होते? आमच्या ओळखीच्या एका भंगारवाल्याने ॲल्युमिनियमची चौकट काढली, वायरमधले तांबे सोलले आणि बाकीचे कचऱ्यात टाकले. पॅनेलच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश काच असते. सिलिकॉन थोडे आणि चांदी एक टक्क्याहूनही कमी. पण किमतीचा मोठा वाटा त्या चांदीतच. हे सारे प्लास्टिकच्या थराने घट्ट चिकटवलेले असते. यंत्राशिवाय ते नीट सुटत नाही.

इथेच धोका आहे. चांदीचे नाव ऐकून कोणी बंद गाळ्यात पॅनेल जाळील, तेजाबात बुडवील. डागकामात शिसे असते आणि मागचा प्लास्टिकचा पडदा जळाला की विषारी वायू निघू शकतो. ज्या गाळ्याच्या माळ्यावर कारागिरांची मुले झोपतात, तिथे अशी कमाई काय कामाची?

दुसरी बाजू कायद्याची. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही आली. पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. म्हणजे धारावी-कुर्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या भंगार निवडणारा हुन्नरबंद माणूस बेकायदा ठरणार आणि माल बड्या कंपन्यांकडे जाणार.

पण त्याच नियमांत राज्य सरकारवरही जबाबदारी टाकली आहे. उद्योग विभागाने औद्योगिक वसाहतींत या कामासाठी जागा किंवा शेड राखायची. कामगार विभागाने कामगारांची नोंदणी करायची, त्यांचे गट उभे करायला मदत करायची, प्रशिक्षण द्यायचे. आपल्यापैकी किती जणांनी हे मागितले?

कोणी म्हणेल, यंत्रांना मोठे भांडवल लागते. खरे आहे. म्हणून सुरुवात गोळा करण्यापासून आणि निवडण्यापासून करावी. दहा-पंधरा भंगार व्यापाऱ्यांनी सहकारी गट करून शेडसाठी अर्ज करावा. काच न फोडता अख्खे पॅनेल नोंदणीकृत कारखान्याला वजनावर, पावतीने द्यावे. जाळणे नाही, तेजाब नाही. आम्हा कापडवाल्यांनी यात थोडे भांडवल घालावे आणि आपल्या गच्चीवरचे जुने पॅनेल चार पैसे कमी मिळाले तरी पावतीवरच विकावे.

1982 च्या संपानंतर इथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि भिवंडीच्या मागांवरचे कापड बाजारात भरले. ज्यांनी तो बदल वेळीच ओळखला, ते टिकले. बाकीच्यांची दुकाने आज दुसऱ्यांच्या नावावर आहेत. भंगाराच्या धंद्यात ती पाळी येण्याआधी बांधवांनी एकत्र बसावे.