मंगलाष्टकांनंतरचे बिल

लग्नसराई आली की आपल्या मराठी घरांची पावले रुखवताच्या व आहेराच्या भांड्यांसाठी बेगम बाजाराकडे वळतात. तेथे पितळेच्या भावात रुपया-रुपयाची घासाघीस करणारे आपले गृहस्थ फंक्शन हॉलच्या बिलाचे पैसे चुकते करताना मात्र विलक्षण उदार होतात! त्या बिलात अलीकडे ‘संगीत परवाना’ अशी एक ओळ अधूनमधून आढळते. ही रक्कम कोणाची, आणि ती देणे वधूपित्यावर बंधनकारक आहे काय, अशी पृच्छा काही वाचकांनी केली आहे.

1957 च्या प्रताधिकार कायद्यान्वये ध्वनिमुद्रित गाणे सार्वजनिक ठिकाणी वाजवावयाचे झाल्यास हक्कधारकाची अनुमती लागते. ध्वनिमुद्रण-कंपन्यांच्या वतीने हे शुल्क फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही संस्था मागते. गीतकार, संगीतकार व संगीत-प्रकाशक यांच्यासाठी 1969 मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे. परंतु याच कायद्याच्या 52 व्या कलमात धार्मिक विधींच्या प्रसंगी होणारे वादन-गायन वगळले असून, विवाहाची वरात आणि विवाहाशी निगडित अन्य सामाजिक सोहळे त्यातच मोडतात, असे स्पष्टीकरण जोडलेले आहे. म्हणजे हळद, सीमान्तपूजन आणि वरात यांपुरती तरी आपली बाजू भक्कम आहे.

मग वाद कसला? वाद आहे तो ‘सोहळा’ या शब्दाच्या व्याप्तीचा. आलिशान हॉटेलातील रात्रभराचा नाचगाण्याचा जलसा हा विवाहविधीचा भाग मानावा काय? कंपन्या म्हणतात, तो निव्वळ व्यवसाय आहे. जुलै 2023 मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने जाहीर सूचना काढून विवाहप्रसंगी असे शुल्क मागू नये, असे कळविले. जानेवारी 2024 मध्ये गोवा शासनाने त्याच आशयाचे परिपत्रक काढले. लग्नासाठी गोव्यास जाणाऱ्यांची संख्या पाहता हक्कधारकांना ते झोंबणे स्वाभाविकच होते. ते न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. येथे गैरसमज नको. कायद्यातील सवलत अबाधित आहे. तिचा विस्तार परिपत्रकाने करता येणार नाही, प्रत्येक प्रकरण त्याच्या वस्तुस्थितीवर तपासावे लागेल, एवढाच त्याचा मथितार्थ.

दिल्लीत आपली गाऱ्हाणी मांडताना हा उद्योग कलावंतांचे नाव पुढे करतो. कलावंतांचे देणे खरेच आहे. ते नाकारणारा मनुष्य गाणे ऐकण्यास अपात्र होय. परंतु कंपनी आणि कलावंत यांचे हित एकच असते, हे मान्य करण्यास इतिहास आड येतो. निर्मात्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रगीताचा प्रथम स्वामी, वेगळा करार नसल्यास, निर्माताच, असे 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. त्यानंतर पस्तीस वर्षे गीतकार-संगीतकार एकरकमी बिदागीवर बोळवले जात राहिले. 2012 ची दुरुस्ती झाली तेव्हा कुठे त्यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनात कंपनीच्या बरोबरीचा वाटा मिळाला, आणि तो वाटा करारानेही सोडून देता येणार नाही, असे ठरले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिची बाजू मांडली. तिला विरोध कोणाचा होता? चित्रनिर्मात्यांचा आणि याच ध्वनिमुद्रण-कंपन्यांचा!

तेव्हा बिलात ती ओळ दिसल्यास संस्थेचे नाव, परवान्याची प्रत आणि गाण्यांची यादी अवश्य मागावी. पुष्कळदा नुसत्या मागणीनेच ती ओळ नाहीशी होते, असा आमच्या परिचितांचा अनुभव आहे.

रामनवमीस गीतरामायण बसविणाऱ्या मंडळांनीही विचारले आहे. ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये निवर्तले. त्यांच्या शब्दांवरील प्रताधिकार 2037 अखेरपर्यंत चालेल. सुधीर फडके यांच्या चालींचा 2062 पर्यंत. मात्र हौशी मंडळाने तिकीट न लावता, अथवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेले गायन कायद्याने मुक्त आहे. तिकीट लावून, बाहेरील वाद्यवृंद आणून सभागृह भरविणाऱ्यांनी मात्र आधी अनुमतीचे पत्र पाठवावे.