‘अर्स्टव्हाइल’ कोठे लिहावा?

‘पूर्वीचा’ या अर्थाचा ‘अर्स्टव्हाइल’ हा इंग्रजी शब्द इंग्लंडात जुनाट गणला जातो. परंतु आपल्याकडे सरकारी कागदांत व वर्तमानपत्रांत तो अद्याप नांदत आहे. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण लागते. तेथील संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यास हा शब्द शोभतो, कारण ती सत्ता सरली. परंतु मित्रास तो लावला, तर मैत्री तुटली असेच वाचणारा समजेल. यास्तव, बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्यांनो, शाळा सोडल्यावर केवळ डौलासाठी स्वतःस ‘अर्स्टव्हाइल’ विद्यार्थी म्हणवू नका. अरबीतून आलेल्या ‘माजी’चा मूळ अर्थही ‘सरलेला’ असाच. तथापि मराठीत त्याला मान आहे. शाळेशी तुमचे नाते तुटलेले नाही, हे तुमच्या शब्दांतही दिसावे.