विश्लेषण : कोठार वाचेल, पण गावाचे काय?

लंडनच्या हिथ्रो विमानतळाला खेटून हार्मंड्सवर्थ हे जुने गाव आहे. हिथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीला ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये पाठिंबा दिला आणि गावावरचे संकट पुन्हा जवळ आले. गावातील सहाशे वर्षे जुन्या कोठाराला कायद्याचे कवच आहे. गावाला मात्र ते नाही.

काय आहे हे कोठार?

विंचेस्टर कॉलेजने आपल्या शेतजमिनींवरचे धान्य साठवण्यासाठी १४२६ च्या सुमारास ते बांधले. लांबी सुमारे ५८ मीटर. ओक लाकडाचा सांगाडा बहुतांश मूळचाच. कवी जॉन बेट्जमन यांनी त्याला कॅथेड्रलची उपमा दिली होती.

‘ग्रेड वन’ दर्जा म्हणजे काय?

इंग्लंडमधील संरक्षित वास्तूंचा हा सर्वोच्च दर्जा. जेमतेम अडीच टक्के वास्तूंना तो मिळाला आहे. परवानगीविना अशी वास्तू पाडणे किंवा तिच्यात फेरफार करणे गुन्हा ठरतो. पण मालकाने नुसते दुर्लक्ष केले तर? तेव्हा सरकारी यंत्रणेला नोटिसा काढत बसावे लागते.

मग दर्जा असूनही दुरवस्था का झाली?

२००६ मध्ये एका कंपनीने हे कोठार अवघ्या एका पौंडाला घेतले. विमानतळ वाढला तर भरपाई मिळेल, हा त्यामागचा हिशेब असल्याचे तेव्हा बोलले गेले. देखभाल रखडली. अखेर ‘इंग्लिश हेरिटेज’ने २० हजार पौंडांना ते विकत घेऊन दुरुस्त केले. आज गावातील स्वयंसेवकच ते लोकांसाठी उघडतात.

आता धोका कोणता?

धावपट्टीच्या आराखड्यानुसार गावातील बरीच घरे पाडावी लागतील. कोठार कुंपणाबाहेर, जागच्या जागी राहील. म्हणजे नियम पाळला जाईल, पण दार उघडणारी माणसे उरणार नाहीत.

विमानतळाची गरज खोटी नाही. मात्र ‘वारसा सुरक्षित आहे’ असे सांगून गाव उठवणे ही पळवाट ठरेल. कोठार गावासाठी आणि गावामुळे टिकले. निर्णय घेताना वास्तूइतकीच तिच्याभोवतीची वस्तीही मोजली पाहिजे. माणसे गेल्यावर उरतो तो नुसता लाकडी सांगाडा.