तुमच्यात ‘बॉटल’ आहे का?

समजा, लंडनच्या क्लायंटबरोबर कॉन्फरन्स कॉल चाललाय. कुणाबद्दल तरी पलीकडून येतं, ‘ही बॉटल्ड इट.’ आपण मनातल्या मनात भाषांतर करतो: त्याने बाटलीत भरलं, म्हणजे काम पॅक झालं. वा! सॉरी बॉस, तसं काही नाही. ऐन वेळी त्याची तंतरली, असं ते म्हणतायत.

ब्रिटिश बोलीत ‘बॉटल’ म्हणजे दम. ज्याच्यात बॉटल आहे तो डेअरिंगबाज, ज्याची बॉटल गेली त्याने कच खाल्ली. हातातोंडाशी आलेली मॅच घालवणाऱ्या टीमलाही तिथले फुटबॉलवेडे हेच ऐकवतात. अमेरिकन क्लायंटसमोर मात्र हा शब्द वापरू नका. तिकडे हा अर्थ फारसा चालत नाही.

आता गंमत बघा. ‘बॉटल आउट’ म्हणजे घाबरून माघार घेणं. ‘बॉटल अप’ म्हणजे राग, दुःख सगळं आत कोंडून वर बूच लावणं. आणि ‘हिट द बॉटल’ म्हणजे दारू ढोसायला लागणं. हा शेवटचा प्रयोग एखाद्या कलीगबद्दल ई-मेलमध्ये करण्याआधी दहादा विचार करा!

‘बॉटलनेक’ तर आपल्या रोजच्या ओळखीचा. बाटली कितीही मोठी असो, पाणी बाहेर पडणार ते तिच्या मानेच्या मापानंच. दहा जणांचं काम एका साहेबांच्या सहीसाठी अडतं, तो बॉटलनेक.

‘न्यू वाइन इन ओल्ड बॉटल्स’ आलं बायबलमधून. 1611 च्या किंग जेम्स भाषांतरात शब्द ‘बॉटल्स’ असला, तरी त्या काचेच्या नव्हेत, चामड्याच्या पिशव्या. नवी वाइन आंबताना फुगते आणि जुनं, ताठर झालेलं चामडं फाटतं. थोडक्यात, नवं ते जुन्यात कोंबू नका. आपण मराठीत उलटं म्हणतो, नव्या बाटलीत जुनी दारू. म्हणजे टेम्प्लेट नवं, प्रेझेंटेशन मागच्याच वर्षीचं!

‘द जिनी इज आउट ऑफ द बॉटल’ म्हणजे एकदा सुटलं की परत आत जात नाही. घाईत ‘रिप्लाय ऑल’ दाबलेला मेल आठवा. पण अरेबियन नाइट्समधला कोळी भारी निघाला. एवढा मोठा तू या एवढ्याशा भांड्यात मावलासच कसा, असं डिवचून त्याने जिनीला पुन्हा आत घातलं. बाटलीत उतरवणं म्हणतात ते हेच!

या सगळ्यात आपल्याला छळतात ते दोनच, ‘अप’ आणि ‘आउट’. कामाचा ताण, न मिळालेलं क्रेडिट वर्षभर बॉटल अप करायचं आणि अप्रेझलला साहेबांसमोर बसलं, की बॉटल आउट! त्यापेक्षा यंदा दोन मुद्दे कागदावर लिहून न्या आणि शांतपणे बोला. स्फोट होण्याआधी बूच आपणच काढलेलं बरं.